निकाल येण्याआधीचा खिमा

मिल्टन, २४ नोव्हेंबर २०२४

ती. गुरुदादास शि. सा. न.

जावईबापू जयदीप कॅल्गरीचं ऑफिसचं काम आटोपून काल परतले. तू मारलेल्या हरणाचा खिमा बर्फाच्या कूलरमध्ये, डब्यात घट्ट गोठलेला पोचला. इंजिनियर माणसाने रिटायर होऊन बंदूक घ्यावी याची मी इतकी चेष्टा केली, ती आज मागे घेते. केयाला पाचवा महिना लागल्यापासून पोरीला अन्न नको झालं होतं. तिने खिमा दोनदा मागून घेतला.

तिकडच्या हरणांत कसलासा मेंदूचा रोग पसरलाय, असं जयदीप म्हणाले. दादाने पाठवलंय म्हणजे तपासूनच, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. सीमावहिनीचा डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून त्यांच्या पुढच्या फेरीला बेसनाचे लाडू भरून देते.

माया आहे तशीच राहू दे.
शोभा

कॅल्गरी, १५ डिसेंबर २०२४

चि. शोभा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून हा ई-मेल. नियमाप्रमाणे हरणाचं डोकं मी वन्यजीव खात्याकडे तपासायला लगेच दिलं होतं. रोज फोन करावा, तर रोज व्हॉइसमेल. शेवटी काल निकाल आला. त्या हरणाला तो रोग होता.

खात्यातली बाई म्हणते, माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही. आणि त्याच दमात म्हणते, मटण खाऊ नका. माणसाने समजायचं काय? सोबतचे शिकारी म्हणतात, खातं उगाच घाबरवतं. दरवर्षी निकाल चांगलाच यायचा, म्हणून मीही गाफील राहिलो. असल्या खात्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

आमचा वाटा आज फेकला. निकालाशिवाय शिजवायचा नाही, असं सीमाने बजावलं होतं, म्हणून तो फ्रीझरमध्ये तसाच होता. केयाला इतक्यात सांगू नकोस, तिच्या जिवाला घोर लागेल.

राग न धरता लोभ ठेव.
गुरुदत्त

मिल्टन, १६ डिसेंबर २०२४

ती. गुरुदादास,

केयाला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, यासाठी करण्यासारखी काही टेस्ट नाही, काळजी करू नका. ती पोटावर हात ठेवून बसून आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

तू खात्यावर चिडलास. पण निकालापर्यंत थांबायचं हे तुला ठाऊक होतं, आणि तुमच्या घरी सगळे थांबले. आम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं. खात्यावर माझा विश्वास नव्हताच, दादा. तुझ्यावर होता.

जयदीप मंगळवारी तिकडे येताहेत. वहिनीचा डबा घासून त्यांच्याबरोबर देते आहे. रिकामा.

शोभा