सुटीत ती विसरेल म्हणून

बाबा, आज पुन्हा हायवेच्या कडेला उभी होते आणि तुम्ही आठवलात. तुम्ही एसटी चालवत होतात तेव्हाची गोष्ट. आपल्याकडच्या गोरेगावच्या बाजारात तुमची गाडी दिसली म्हणून मी इकडेतिकडे न बघता रस्त्यात धावले. करकचून ब्रेक लागला. तुम्ही खाली उतरून सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारलीत. "मरतं का वं?" एवढंच म्हणालात. मग तुम्हाला पाण्याच्या बाटलीचं झाकण काही उघडेना, इतके हात थरथरत होते. थोबाडीत बसली ते मी विसरले, ते हात नाही.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी विशेष शिक्षिका झाले. सडक अर्जुनीकडे, ज्यांना शिकायला जास्त वेळ लागतो अशा मुलांना शिकवते. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी आहे. बोलत नाही, हात सुटला की धावत सुटते, आणि घर हायवेला लागून. वर्षभर आम्ही एकच गोष्ट घोटली, मी हात वर करून "थांब" म्हटलं की थांबायचं. दिवाळीच्या सुटीत ती ते साफ विसरली आणि पुन्हा अंगवळणी पडायला अख्खा हिवाळा गेला.

एप्रिलमध्ये बैठक होती, उन्हाळ्याच्या सुटीत कोणासाठी वर्ग चालवायचा ते ठरवायला. सगळ्यांसाठी चालवता येत नाही. सुटीत ज्याचं शिकलेलं पुसलं जाईल आणि लवकर परत येणार नाही, त्याच्यासाठीच. त्या बैठकीच्या सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभी आहे, तिची आई तिला घेऊन येते आहे, आणि हात सुटतो. पोरगी सरळ रस्त्याकडे. रायपूरकडून ट्रक येतोय. मी जिवाच्या आकांताने ओरडते, "थांब!" ती डांबराच्या काठावर थांबते. ट्रकच्या वाऱ्याने तिचा फ्रॉक उडतो.

मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिलं होतं. बैठकीत ते म्हणाले, "थांबली ना पोट्टी? मग कायले पाहिजे वर्ग?" मी दिवाळीचं सांगितलं. "यंदाही विसरनच, असं लिहून देता का मॅडम?" शिवाय वर्ग ठेवला तर तिला रोज याच रस्त्यावर आणावं लागणार होतं. तिची आई म्हणाली, "मी तेंदूपत्ता तोडाले जाईन तं हिले संगं नेईन. जंगलात ट्रक तं नाही." तेही खोटं नव्हतं. नाही म्हटलं तरी भीती, हो म्हटलं तरी भीती. मग आई पदराचं टोक पिळत हळूच म्हणाली, "पण मॅडम, तुमच्याआधी मीबी आवाज देल्ला होता. माह्या आवाजाले नाही थांबली."

मी म्हटलं, वर्ग हवा, पण इथे नको, तिच्या अंगणात. आई संध्याकाळी तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांचे, पुडे बांधते तेव्हा. जबाबदारी माझी. मुख्याध्यापकांनी तसं लिहून घेतलं आणि वर्ग मंजूर झाला.

सुटीभर स्कूटीने जात राहिले. आई "थांब" म्हणायची, मी बाजूला गप्प बसायचे. पोरगी आधी माझ्याच तोंडाकडे बघायची. थांबली की आई तिच्या हातावर भाजलेले शेंगदाणे ठेवायची. अंगणात जमलं, मग गल्लीत. आज आम्ही हायवेजवळ गेलो. डांबराला पाठ करून मी मध्ये उभी राहिले, वेळ आली तर धरायला. आईने हात सोडला. पोरगी धावली. आईने हाक मारली. ती थांबली.

आई तिथेच मातीत बसली. "थांबली वं माय! माह्या हाकेले थांबली!" हसतही होती, रडतही होती. मुख्याध्यापकांना मी फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "लय चांगलं झालं."

हे तुम्हाला पाठवता येणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आईची हाक यायच्या आधी माझा हात आपोआप वर गेला होता. पोरगी हाकेला थांबली की माझ्या हाताला, मला माहीत नाही. त्या बाईचं तोंड बघून मी काही बोलले नाही. परवा शाळा उघडते. उद्या पुन्हा जाते आणि तिच्या आईला माझ्या हाताचं सांगते, असं ठरवलंय.