अम्मीच्या शालीला ऊन दाखवण्याबाबत

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर

सगीरा आपांना धाकट्या हबीबचा सलाम.

इकडे मी आणि तबस्सुम अल्लाच्या मेहेरबानीनं ठीक आहोत. दूल्हाभाईंचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला आलो तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसूनच माझ्याशी बोलले. वर चढायचं की खाली उतरायचं, हे त्यांचं तासभर ठरत नव्हतं. तुमच्या सासूबाईंनाही माझा आदाब सांगा. या वयात त्यांची नजर शाबूत आहे आणि घरात आलेला प्रत्येक कागद त्या स्वतः वाचून काढतात, ही कौतुकाची गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, दौलताबाद इथून हाकेच्या अंतरावर, खिशात मोबाईल, आणि हा पत्र कसलं लिहीत बसलाय. फोनवर सांगण्याचा प्रयत्न मी तीनदा केला. तिन्ही वेळा माझं वाक्य तुम्हीच पुरं केलंत, आणि ते मला म्हणायचं होतं त्याच्या बरोबर उलट होतं. चौतीस वर्षं कचेरीत कारकुनी करून मी एवढं शिकलो आहे की लेखी मजकुराला मध्येच कुणी तोडत नाही. म्हणून हे पत्र शेजारच्या कडुबांच्या हाती पाठवतो आहे. ते बहिणीच्या मळ्यातली सीताफळं आणायला तिकडे येतच होते.

तुमचा प्रश्न होता, अम्मीच्या शालीला यंदा ऊन दाखवलं का. उत्तर याच पत्रात पुढे येईल, आधी थोडी पार्श्वभूमी. ती हिरवी हिमरू शाल आपल्या घरातल्या प्रत्येक नवरीच्या खांद्यावर रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी पडत आली आहे. अम्मीच्या पडली, तुमच्या पडली, तबस्सुमच्या आणि तुमच्या सुनेच्या, जावेदच्या बायकोच्या पडली, आणि आता महिनाअखेर जावेदच्या लेकीच्या, सुमय्याच्या खांद्यावर पडायची आहे. तुमच्या सासूबाईंनी मुलाकडच्यांपुढे त्या शालीची अशी तारीफ केली आहे म्हणे, की पाहुणे नवरीच्या आधी शाल बघायला मागतील. जावेद येत्या रविवारी ती न्यायला माझ्याकडे येणार आहे. हे सगळं माझ्या ध्यानात आहे. मी काहीही विसरलेलो नाही.

शाल माझ्याकडे का, हेही ध्यानात आहे. सात वर्षांपूर्वी तुमच्या घराच्या चौकटींना वाळवी लागली, तेव्हा अम्मीची ट्रंक मीच रिक्षात घालून छावणीत आणली. त्या दिवशी तुमच्या अंगणात उभं राहून मी स्वच्छता या विषयावर चार शब्द बोललो होतो. (‘आपा, तुमच्या घरात माणसं कमी आणि किडे जास्त,’ हे त्यातलं एक वाक्य. तुम्ही विसरला असाल तर बरंच आहे.) तुम्ही अट एकच घातलीत. दर मे महिन्यात ट्रंक उघडायची, शाल गच्चीवर पसरून तिला ऊन दाखवायचं आणि फोन करून कळवायचं. फोन मी दरवर्षी केला आहे.

आता आमच्या घरातल्या किड्यांविषयी. हे कडुबा कृषी खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी कपाशीवर गेली, त्यामुळे बोंडअळी सोडून कुठल्याही जिवाशी त्यांचं वैर नाही. त्यांचा नियम सोपा आहे. मारायच्या आधी ओळखा. ओळखायचं कसं, तर ते चष्मा कपाळावर चढवून किड्याकडे बघतात आणि विचारतात, ‘‘ह्यो कपाशीवर दिसतो का? नाय ना? मंग ऱ्हाऊ द्या की, तुमचं काय खातोय?’’ मला हे फार पटलं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी पटावं लागतं. तबस्सुम औषध फवारणाऱ्याला बोलवायचं म्हणत होती. मी तिला सांगितलं की आधी समजून घेऊ. गेलं वर्षभर आमच्या घरात सगळ्यांना समजून घेणं चालू आहे.

ट्यूबलाइटमागच्या पालीला समजून घेतलं. ती डास आणि चिलटं खाते आणि कुणाच्या वाटेला जात नाही. साखरेच्या डब्याच्या मुंग्यांना समजून घेतलं, तोवर साखर संपली. मग मागच्या महिन्यात बाथरूममध्ये कोळी निघाला. तळहाताएवढा, चपटा, आणि पोटाखाली नाण्यासारखी पांढरी चकती धरलेला. कडुबा म्हणाले, ही मादी आहे, चकतीत अंडी आहेत, ही जाळं विणत नाही, झुरळं पकडून खाते, ‘‘लई गुणी बाई हाय.’’ तबस्सुमनं दारातूनच सांगितलं, ‘‘सुनो जी, इस घर में या तो इसकू रखो, या मेरेकू.’’ मी तडजोड म्हणून गुणी बाईला गच्चीवर हलवायचं ठरवलं. वरून कटोरा पालथा घातला आणि खालून जाड कागद सरकवला. तो कागद सुमय्याच्या निकाहचं कार्ड निघाला. (घरात तेवढा जाड कागद दुसरा नव्हता. जावेदनं कार्डांत हात आखडता घेतला नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.) कोळीण कटोऱ्याच्या कडेनं निसटून माझ्या बाहीवरून गेली आणि अंड्यांची चकती बरोबर निकाहच्या तारखेवर ठेवून गेली. कार्ड मी गच्चीवरच्या कुंडीत उभं करून ठेवलं. पंधरा दिवसांनी पिल्लं फुटली. कार्डावर ‘सहकुटुंब’ असा शब्द आहे, तो त्यांनी मनावर घेतला असावा.

या सगळ्यांत माझा जीव मात्र खिडकीतल्या भुंगेऱ्यांवर होता. मार्चपासून बैठकीच्या खिडकीत रोज सकाळी चार-दोन दिसायचे. मसुराच्या डाळीहून लहान, गोल, पाठीवर पांढरे-तपकिरी ठिपके, जणू कुणी बारीक कुंचल्यानं नक्षी काढली आहे. चावणं नाही, भणभणणं नाही, काचेकडे तोंड करून शांत बसायचे. त्यांना बाहेर जायचं आहे हे दिसत होतं. मी रोज खिडकी उघडून त्यांना तबस्सुमच्या झेंडूंवर सोडत असे. कडुबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘‘कपाशीवरचा नाय.’’ विषय संपला.

आता शालीकडे येतो. ट्रंक याच खिडकीखाली आहे. यंदा मे महिन्यात मी किल्ली घेऊन तिच्यासमोर बसलो, तर कुलपाचं भोक मातीनं लिंपलेलं. कुंभारीण माशीचं काम. ती भोकात आधी अळ्या भरते, त्यांवर अंडं घालते आणि वरून चिखलानं तोंड बंद करते, म्हणजे पिल्लू उठेल तेव्हा जेवण हजर. कडुबा म्हणाले, अळ्या उचलणारी बाई म्हणजे शेतकऱ्याची बहीण, पिल्लू निघेस्तोवर हात लावू नका. मी थांबलो. पिल्लू जूनमध्ये निघालं. किल्ली घेऊन येईपर्यंत दुसरीनं तेच भोक धरलं. अशा तऱ्हेनं एका जिवाची कदर करण्यात यंदाचं ऊन राहून गेलं. शाल ट्रंकेत आहे, ट्रंक जागेवर आहे. बाकी कळवण्यासारखं विशेष काही नाही.

सुमय्याला दुवा. दूल्हाभाईंनी जिना टाळावा.

आपला भाऊ,
हबीब

ता. क. – पत्र पाकिटात घालण्याआधी तबस्सुमनं वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, ‘‘इत्ता लंबा खत, और असल बात नक्को? आपाकू कब बताते, निकाह के बाद?’’ तेव्हा खुलासा पुढीलप्रमाणे. मागच्या आठवड्यात जावेद येणार असा तुमचा फोन आला. तबस्सुमनं डोक्यातला आकडा काढून कुलपाची माती उकरली आणि किल्ली फिरवली. (मी कुंभारणीची बाजू मांडत होतो. माझं म्हणणं नोंदलं गेलं नाही.) झाकण उघडलं. आत तांदळाच्या दाण्याएवढ्या केसाळ अळ्या आणि त्यांच्या रिकाम्या साली. शालीच्या मधोमध तळहाताएवढ्या जागेतली सगळी फुलं गेली आहेत. भोक नाही, हे लक्षात घ्या. हिमरूचा पाया सुताचा आणि फुलं रेशमाची. अळ्यांनी रेशीम खाल्लं, सूत ठेवलं. हिरव्या बागेत मधेच नांगरट केल्यासारखं दिसतं. कडुबांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं आणि समाधानानं म्हणाले, ‘‘बघा हबीबभाई, म्हणलं नव्हतं? कपाशीला हात नाय लावला.’’ मग मान खाली घालून पुढचं सांगितलं. या अळ्या म्हणजे माझ्या त्या ठिपकेवाल्या भुंगेऱ्यांचीच मुलं. मुलं लोकर आणि रेशीम खाऊन आत मोठी होतात, मोठी झाली की उजेडाकडे निघतात आणि फुलांवर जातात. खिडकीत मी ज्यांना रोज सोडत होतो ते जेवून, हात धुऊन निघालेले पाहुणे होते. ज्यांना समजून घ्यायला हवं होतं ते एवढेच, आणि त्यांनाच मी दार उघडत होतो.

ता. क. २ – कुंभारणीवर सगळा दोष टाकणं बरं नाही, ती यंदाच आली. पहिली दोन वर्षं मी खरोखर ऊन दाखवलं. पुढच्या चार वर्षांत, ट्रंक खिडकीखाली असल्यामुळे आणि सकाळी तिच्या झाकणावर ऊन येत असल्यामुळे, मी फोनवर ‘‘दाखवलं’’ म्हणत गेलो. डांबरगोळ्यांनी मला शिंका येतात म्हणून त्याही मीच काढल्या. तीन हिवाळ्यांपूर्वी माझा लोकरीचा स्वेटर न धुता शालीवर ठेवला, कडुबांच्या मते पंगत तिथून बसली. चूक पूर्णपणे माझी आहे. तुमच्या अंगणात मी जे भाषण केलं ते परत घेतो. वाळवीनं निदान चौकटीवर भागवलं.

ता. क. ३ – मूळ काम हे आहे. शाल घेऊन मी क्रांती चौकामागच्या गल्लीत फकिरा रफूगराकडे गेलो. म्हातारा माणूस, बोटांनीच बघतो. तो म्हणाला, फुलं परत भरता येतील, पण असं रेशीम आता बाजारात नाही, नवा धागा घातला तर ठिगळासारखा चमकेल. याच कापडाचा एखादा तुकडा कुठे असेल तर त्यातलं रेशीम सोडवून आठ दिवसांत भरून देतो, सासरच्यांना काय, विणणाऱ्यालाही कळायचं नाही. मी म्हणालो, तुकडा कुठला असणार? त्यानं शालीचं दुसरं टोक उचलून माझ्यापुढे धरलं. कोपऱ्यातून वीतभर पट्टी गेलेली आहे. तो म्हणाला, ‘‘ह्ये किड्याचं काम नाय. किडा वाकडातिकडा खातो. ह्ये कातरीनं कापलंय, अन् लई जुनं हाय. कुणाचा हात हाय ह्यो?’’ तबस्सुम शेजारीच उभी होती. मी म्हणालो, आमच्या घरात पूर्वी उंदीर फार होते.

आपा, तुम्ही दहा वर्षांच्या होतात, मी सहाचा. तुमच्या बाहुलीची रुखसत होती आणि तिला शाल हवी होती. संध्याकाळी अम्मीनं ट्रंक उघडली तेव्हा तुम्ही म्हणालात, उंदरानं कुरतडलं, आणि उंदराला कणगीमागे भाकरी कोण घालतं तेही सांगितलंत. ते खरं होतं, भाकरी मीच घालत होतो. अब्बांनी आधी मला चपलेनं मारलं, मग उंदराला. ती बाहुली तुमच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, तोच हिरवा दुपट्टा घेऊन. दर ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात धरून मी समोर बसतो आणि तिच्याकडे बघतो. छप्पन वर्षांत मी एक शब्द बोललेलो नाही, आणि आताही बोलत नाही, फक्त लिहितो आहे. शालीला हात घालणारे पहिले भुंगेरे नव्हते, एवढं मात्र आपल्या दोघांत स्पष्ट असावं.

तर रविवारी जावेदच्या हाती तो दुपट्टा पाठवा. त्याला शाल मिळणार नाही, फकिराकडे आहे म्हणून सांगा. रुखसतीच्या आदल्या दिवशी मी स्वतः घेऊन येईन. बाहुलीचं रेशीम सुमय्याच्या खांद्यावर बसेल, म्हणजे कापलेलं पुन्हा आपल्या जागी गेलं असं होईल.

ता. क. ४ – हे पत्र मी उर्दूत न लिहिता मराठीत लिहिलं, त्याचं कारण तुमच्या ध्यानात आलंच असेल. आपण दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो ते असं कामाला आलं. तुमच्या सासूबाई पाकीट उघडतील, सगळी पानं बघतील, मराठीचं एक अक्षर त्यांना लागायचं नाही, आणि ‘‘क्या लिखा हबीबने?’’ म्हणून तुम्हालाच विचारतील. तब्येत विचारली आहे म्हणून सांगा. पुढेमागे कपाटाकडे बघून बाहुलीचा दुपट्टा कुठे गेला असं त्यांनी विचारलंच, तर उंदरानं नेला म्हणा. तुम्हाला ते सांगता येतं, आणि त्या उंदराला आता आणखी काय होणार आहे.