किलवरची राणी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज पुन्हा घाई केली. सरावात काकासाहेबांनी मी टाकलेलं पान परत घ्यायला लावलं. "माझी पानं टेबलावर उघडी पडली की आधी मोज. किती हात पक्के, किती कमी, कुणाकडं काय. मग खेळ." बोली माझी असली की जोडीदार म्हणून त्यांची पानं उघडी मांडतात, दोघांची पानं मीच खेळते. त्यांच्याकडे ब्रिज शिकायला लागून दोन वर्षं झाली, अजून हेच ऐकते.

पुढच्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या क्लबची निवड. पहिली येणारी जोडी राज्य स्पर्धेला पुण्याला जाणार. काकासाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांत काचबिंदू. "पुढल्या साली पानं दिसतील का नाय, माहीत नाय," म्हणाले. सहज म्हणाले. माझ्या मात्र डोक्यातून जात नाही.

१२ नोव्हेंबर

ऑफिस, पडेगावची बस, कुकर. पिशोरहून आईचा फोन. "एवढं शिकली अन् पत्ते कुटती व्हय गं?" घरात शाळेत गेलेली मी पहिली. जुगार नाही, हे किती वेळा सांगू!

१६ नोव्हेंबर, रविवार

हरलो. माझ्यामुळे.

शेवटचा डाव. मी सहा इस्पिक बोलले — तेरातले बारा हात करायचे, एकच देता येतो. बदामचा एक्का विरुद्ध जोडीकडे, म्हणजे तो एक गेलाच. प्रश्न उरला किलवरच्या राणीचा. ती डावीकडच्या विश्वजीतकडे की उजवीकडच्या त्याच्या जोडीदाराकडे, एवढं ओळखलं की डाव जमला.

विचार करत बसले. विश्वजीत म्हणाला, "मॅडम, चहा गार झाला, टाका की पान." आणि कप घ्यायला वाकला. त्याची पानं कलली. राणी दिसली.

मी बघायला गेले नव्हते. पण दिसली ती दिसली. पुढे डोकंच चालेना. त्यावर खेळले तर चोरी. म्हणून राणी उजवीकडे आहे असं धरून खेळले. विश्वजीतने राणी टाकून हात घेतला. डाव बुडाला, पहिला नंबर त्या दोघांचा.

काकासाहेब चष्मा पुसत राहिले.

१७ नोव्हेंबर

काकासाहेबांनी फोनवर अख्खा डाव पुन्हा मांडला. "विश्वजीतकडं दोन इस्पिक, तीन बदाम, तीन चौकट निघाले होते. मग तेरातले किलवर किती? पाच. आपल्या दोघांकडं नसलेले किलवर सात, त्यातले पाच त्याच्याकडं. राणी कुठं शोधायची, पोरी?"

म्हणजे सरळ मोजलं असतं तरी तिथेच! मी मोजलंच नाही. स्वच्छ राहायच्या धांदलीत.

मग सांगून टाकलं, राणी दिसली होती. त्यांनी विचारलं, "मुद्दाम डोकावली नव्हतीस ना? चुकून दिसलं तर खेळायला नियमात मुभा हाय." मग म्हणाले, "असू दे. पुढल्या साली जाऊ."

१९ नोव्हेंबर

ऑफिसात एकच पत्र दोनदा पाठवलं. दमले आहे.

२१ नोव्हेंबर

विश्वजीतचा फोन. त्याच्या जोडीदाराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. क्लबने बदली खेळाडू चालेल म्हटलंय. "पुण्याला तुम्ही येता का माझ्यासोबत?" त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणाले. काकासाहेबांना अजून सांगितलेलं नाही.