पांदणीला चालतील असे टायर

ता. ११ ऑगस्ट १९४६, रवि.
मोटर दारात येऊन आज नववा दिवस. लष्कराच्या लिलावातली, मागे उघडा हौदा, हिरवा रंग जागोजाग उडालेला. सकाळी उठलो की आधी तिच्याकडे जातो, तोंड मग धुतो. गोदा म्हणते, "माह्याकडे असं कदी पाह्यलं नाई तुमी." बायकोला मोटरचा मत्सर. मजा आहे.

खोट एकच, चारही टायर गुळगुळीत. सडकेवर ठीक. पण आमच्या मळ्यापासून शेलूबाजारच्या सडकेपर्यंत तीन मैल पांदण, आणि श्रावणातली काळी माती. काल पुन्हा फसली. आमच्याच बैलांनी ओढून काढली. बाबा बोलले काही नाहीत, बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचं न बोलणं फार लागतं.

ता. १३, मंगळ
आज बोलले. "पोयापरेंत पाह्यतो. भाजी घिऊन मोटर पांदन पार झाली तं ठिव. नाई तं इकून टाक अन् आनखी एक बैलजोडी आन."

पोळा २६ला. लढाईत चार वर्षं मोटर हाकली, बर्म्याचा चिखल तुडवला, आणि घरच्या पांदणीत हार खाऊ? टायर आणणार. दुसरं काही सुचत नाही.

ता. १५, गुरु
उतारूंच्या सर्व्हिस मोटरनं वाशीम. निघताना बाबा: "बैल घेतो तं दात पाह्यतो, चाल पाह्यतो, वखराले जुपून पाह्यतो. तू रबर असंच उचलून आनशील काय?" हसू आलं.

करीमभाईंकडे जुन्या टायरची वखार. आत शिरलो आणि मिठाईच्या दुकानातल्या पोरासारखी गत झाली. तासभर नुसता हात फिरवत होतो. शेवटी दोन जोड्यांवर आलो. एक कोरी, बारीक नक्षीची, देखणी. दुसरी लष्करी, वापरलेली, बोटभर उंच दाते, दोन दात्यांत मूठ मावेल एवढी फट. माझं मन कोऱ्या जोडीवर.

गंमत म्हणून बाबांचं बोलणं सांगितलं. करीमभाई हसले नाहीत. "बुढेबाबा बराबर बोलून राह्यले. दोनी जोड्या घिऊन जा, जुपून पाह्य. पोया झाला की एक वापस आनजो." असा दुकानदार पाहिला नव्हता.

ता. १७, शनि
कोरी जोडी मागच्या चाकांना. पुढे जुनेच. अर्धा मैलही नाही. बारीक नक्षीत माती गच्च बसली, चाकं पुरणाच्या गोळ्यासारखी गोल गुळगुळीत. जागच्या जागी फिरत राहिली. पुन्हा आमचे बैल. करीमभाईंनी हे वखारीतच सांगितलं होतं, मी कानाआड केलं होतं. इथे लिहून ठेवतो, बाहेर कबूल करणार नाही.

ता. १९, सोम
दातेवाली जोडी चढवली. गेली! खोलगटीतून, म्हसोबाजवळच्या दलदलीतून, थेट सडकेपर्यंत. फटीत माती बसते आणि चाक फिरलं की ढेकळं होऊन उडते. माझ्या पाठीवर, टोपीवर, तोंडात. परत येताना मोठ्यानं गात होतो.

संध्याकाळी माळ्यांची बारा घरं जमवली. पोळ्याला बैल गाडीला जुंपत नाहीत, त्यामुळे ऐन सणाला, वाशीमला भाजीची सर्वांत जास्त ओढ असते त्या सकाळी, आमचा माल मळ्यातच पडून राहतो. बाया डोक्यावरून सडकेपर्यंत नेतील तेवढाच जातो. मी सांगितलं, यंदा सगळा माल माझ्या मोटरनं. सगळे हो म्हणाले. बाबांनी चिलीम झटकली.

ता. २४, शनि
दोन दिवस पावसाची झड. जेवायला वाढताना गोदा सहज म्हणाली, "अन् पोयाच्या दिवशी फसली तं ओढन कोन?"

बैल मोकळे, गाड्या बंद म्हणून मोटरचा बेत केला. पण फसली तर बैलही मिळणार नाहीत, हे बारा घरांत एकालाही सुचलं नाही, मला तर नाहीच. माळ्याचा पोरगा आणि पोळा विसरलो.

ता. २५, रवि
बैल नदीवर धुतले. संध्याकाळी बाबांनी हळद-लोण्यानं त्यांचे खांदे मळले, उद्या जेवायला यायचं आवतण दिलं. मी तिकडे टायरच्या फटीतली माती काडीनं काढत होतो. दोघांचं एकच चाललं होतं म्हणायचं. बाबांनी एकदा वळून पाहिलं.

पाऊस थांबला आहे. झोप येईलसं वाटत नाही. भीती वाटते, आणि त्याहून जास्त मजा वाटते.

ता. २६, सोम. पोळा
सकाळी: वांगी, कोहळी, चवळीच्या शेंगा, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. हौदा काठोकाठ. गेली! ओझ्यानं दाते आणखी रुतले आणि मोटर नांगरासारखी सरळ निघाली. दहाच्या आत वाशीम. माल तासात संपला. असा पोळा आयुष्यात नाही.

संध्याकाळी: येताना हौदा रिकामा. खोलगटीत मागचा भाग हलका, पुढची गुळगुळीत चाकं घसरली आणि मोटर वाटेत आडवी फिरली. पांदण पूर्ण अडली. याच वाटेनं बैल गावातल्या पोळ्याच्या तोरणाखाली जायचे. बघता बघता सगळ्या मळ्यांचे बैल शिंगं रंगवून, झुली घालून रांगेत उभे, आणि समोर माझी मोटर. जमीन फाटून आत जावंसं वाटलं. शेजारच्या मळ्यातला नाना माळी म्हणाला, "दोन मिनटं जोडी लावू काय? कोन पाह्यते?"

बाबा पुढे आले. नवं धोतर, पांढरा फेटा. "नाई. बैलाच्या खांद्याले आज सुट्टी हाये. आपल्या खांद्याले नाई." दोर घेतला आणि स्वतः पुढे लागले. मागून चौदा जण. बैल उभे राहून पाहत होते. तिसऱ्या हिसक्याला निघाली. बाबांचं धोतर मांडीपर्यंत काळं. मला रडू आलं, चाकाच्या आड तोंड लपवलं.

मुदत संपली. अट भाजी घेऊन पार होण्याची होती, ती झाली. पण बैलांची वाट अडली ती माझ्यामुळे. बाबा काय धरतील कळत नाही. जेवताना विचारलं. पुरणपोळी खात राहिले.

ता. २७, मंगळ
पहाटे उठलो तर बाबा मोटरजवळ उकिडवे बसलेले. काठीनं दात्यांतली माती काढत होते. मागची चाकं झाली, मग पुढची पाहिली. खूप वेळ.

"मांगचे ठिव. समोरचे काहून तसेच ठिवले रे?"

म्हटलं, आज करीमभाईंकडे कोरी जोडी परत करायची आहे, विचारून पाहतो.

"तू कायले? तू मागल्या खेपेले कोरे पाहून भुलला होता." म्हणजे वखारीतली गोष्ट करीमभाईंनी वाशीमच्या बाजारात नानाला सांगितली आणि नानानं इथे.

मी चहा घेऊन येतो तोवर बाबा पुढच्या सीटवर बसलेले. मोटरला आजवर त्यांनी हात लावला नव्हता. घोंगडं मांडीवर, काठी दोन पायांमध्ये. जाताना पुढचे टायर अजून गुळगुळीतच असणार, आणि पाऊस पुन्हा लागला आहे.