घाटातला ट्रक आणि आबांचा कॅमेरा

प्रिय शिवतेजदादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (तू समोर असताना मी कधी वाकत नाही, म्हणून पत्रात उरकून घेते). तिकडचा बर्फ कमी झाला का? आईने पाठवलेलं मेतकूट पोहोचलं का, आणि ते तू खाल्लंस की जवानांत वाटून टाकलंस, हे तिला सविस्तर कळव. ती रोज मला विचारते, जणू वाटेत मीच खाल्लंय. इकडे आई, आबा आणि दोन्ही म्हशी खुशाल आहेत. तुझा लॅपटॉपही जिवंत आहे, पण त्याचं जरा सावकाश सांगते.

रजेवरून जाताना तू घातलेली अट तुला आठवत असेल (नसेल तर आई साक्षीला आहे). उसाने भरलेला ट्रक घाटातून न उलटता कारखान्यापर्यंत आणायचा, म्हणजे खेळातला ट्रक आणि खेळातला घाट, आणि त्याचा व्हिडिओ मध्ये कुठेही न तोडता तुला दाखवायचा. दाखवला तर पुण्याच्या गेम तयार करायच्या कोर्सचं तू आबांशी बोलणार. आबांपुढे असलं काही काढायची छाती घरात तुझ्या एकट्याची, आणि प्रवेश तर या महिनाअखेरीला बंद होतोय. त्यामुळे मी जेवणखाण सोडून ट्रक हाकत होते.

ट्रक मी आठवड्याभरातच खाली आणला. अडचण रेकॉर्डिंगची होती. तुझा लॅपटॉप एक तर खेळ चालवतो, नाहीतर रेकॉर्डिंग करतो. दोन्ही एकदम सांगितलं की रुसून बसतो. रेकॉर्डिंग सुरू केलं की ट्रक वळणाच्या अलीकडे दिसायचा आणि पुढच्या क्षणी थेट दरीत. मधल्या वेळात काय झालं ते मलाही कळायचं नाही आणि लॅपटॉपलाही. शेवटी सांगलीच्या विश्वजितला फोन केला (आपल्या मावशीचा मुलगा, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं निदान मावशी तरी म्हणते). त्याने सांगितलं, चित्राचा दर्जा कमी कर, व्हिडिओचा आकार निम्मा कर, मागे चालणारं सगळं बंद कर. मी इमानेइतबारे सगळं केलं. दर्जा इतका खाली आणला की डोंगर गुळाच्या ढेपांसारखे दिसायला लागले आणि रस्ता कुठला, ओढा कुठला, याचा पत्ता लागेना. गरम होतोय म्हणून लॅपटॉपखाली चार वाट्या उपड्या घालून हवा खेळती केली. (जेवायच्या वेळी आईने त्यातल्या दोन काढून नेल्या.) एवढं करून ट्रक सुधारला, पण ऐन शेवटच्या वळणावर पुन्हा गचका. तेव्हा विश्वजितमहाराज म्हणाले की मशीनवर भारच नको, तू बाहेरून मोबाइलने शूटिंग कर. हे त्याला पहिल्याच फोनला सुचलं असतं तर आईच्या वाट्या तरी वाचल्या असत्या.

पण मोबाइल धरणार कोण? डब्यांना टेकवून ठेवला तर तो घसरून तूरडाळीत पडला. आईने धरला तर तिला मधेच दूध आठवलं. उरले आबा. बैलगाडीच्या शर्यतीचं एकही मैदान ते चुकवत नाहीत आणि प्रत्येक मैदानाचा व्हिडिओ काढतात, हे तुला माहीत आहे. (बैल निकालाच्या रेषेजवळ आले की ते कॅमेरा गाडीमालकाकडे फिरवतात. बैलं कुणीबी बघतंय, मालकाचं त्वांड बघावं, असं त्यांचं म्हणणं.) हे मला वेळेवर आठवायला हवं होतं. दादाला व्हिडिओ पाठवायचाय एवढंच मी त्यांना सांगितलं, कोर्सचं नाव काढलं नाही.

आबा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या वळणावर त्यांच्यातला फौजेचा ड्रायव्हर जागा झाला. "उतार हाय, खालचा गेर टाक. ब्रेकवर उभी ऱ्हाऊ नगं." मी टाकला. शेवटच्या वळणावर त्यांची खुर्ची करकरत पुढे सरकली. ट्रक वळणातून सुटला, समोर कारखान्याचं गेट आलं, आणि आबांनी बाजूला येऊन सवयीप्रमाणे कॅमेरा माझ्याकडे फिरवला. रविवारच्या मैदानातला गुलाल अजून खिशात होता. तो आधी माझ्यावर उधळला, मग ट्रकवर, म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर.

तेव्हा सोबतच्या मेमरी कार्डावर जो व्हिडिओ आहे त्यात ट्रक गेटात शिरताना दिसत नाही. अटीप्रमाणे मी हरले. दिसतं ते माझं तोंड, जीभ एका बाजूला बाहेर काढलेली, आणि कॅमेऱ्यामागून आबांचा आवाज येतो, "आणली का न्हाई पोरीनं गाडी खाली?" हे ते कुणाला विचारत होते कोण जाणे, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकते, म्हणून दुसरा व्हिडिओ काढलाच नाही. तूही आवाज मोठा करून ऐक आणि याला पुरावा म्हणायचं की नाही ते ठरव.

तुझी,
उत्कर्षा

ता. क. आबांशी बोलायची आता गरज नाही. तुझ्या उत्तराला वेळ लागणार, म्हणून काल जेवताना मीच कोर्सचं काढलं. आबांनी हातातली भाकरी संपवली आणि म्हणाले, "मग जा की. इतके दिस बोलली का न्हाईस?" (घरात छाती कुणाची, याबद्दलचं वरचं वाक्य खोडून वाचावं.)

आणखी एक ता. क. लॅपटॉप चालतो, फक्त पंखा फिरला की गुलाबी उडतं. पण तो माझ्याबरोबर पुण्याला येणार नाही. दुपारचं जेवण झालं की आबा त्याच्यापुढे बसतात. फौजेत ज्यांचा ट्रक कधी उलटला नाही, ते इथे पहिल्याच वळणावर दरीत जातात आणि बटणांना नावं ठेवतात. मी शेजारी बसून सांगते, "आबा, खालचा गेर." काल ते आईला विचारत होते (मला ऐकू येईल इतक्या हळू), "ही गेल्यावर गेर कोण सांगणार?" खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, दादा. रजा मिळते का बघ. व्हिडिओ नंतर बघितलास तरी चालेल.