ऊन फक्त ताण्याला

आबा, थंडी पडली आणि तुमची आठवण झाली. मायेनं नाही. मार्गशीर्ष लागला की माझं मन खाली जाऊ लागतं, पौषात तळाला टेकतं आणि होळीच्या सुमाराला आपलं आपण वर येतं. ताप नसतो, खोकला नसतो. उठावंसं वाटत नाही, कुणी हाक मारली तर ओ देणं जिवावर येतं आणि भाकरी नुसती चावत राहावी लागते. हे इतकं नेमकं लिहू शकतो, कारण मी लिहायला शिकलो, तेही कुणाच्या उपकाराशिवाय, वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरची अक्षरं लावत. आता महाराजांनी पोरांना शाळा फुकट केली आहे. माझी पाटी तुम्ही चुलीत घातली होती.

आपलं घोंगड्यांचं घर. अंगणात खुंट्यांवर उभ्या दोऱ्यांचा ताणा ताणलेला आहे, आत चिंचोक्याची खळ रटरटते आहे आणि पंचगंगेकडून धुकं वर चढलं आहे. तुम्ही कुंचा हातात घेऊन उभे. धुक्यात खळ लावली तर ती वाळत नाही, दोरे एकमेकांना चिकटतात, सगळा ताणा वाया जातो. म्हणून तुम्ही थांबता. लोकरीच्या दोऱ्यांसाठी तुम्ही अर्धी सकाळ तिष्ठत उभे राहायचात, आणि ऊन आलं की मी भिंतीला टेकलेला दिसायचो.

"व्हय रं मढ्या, ऊन खातोस? ते ताण्यासाठी हाय."

"मला कसंतरी हुतंय, आबा."

"कसंतरी म्हंजी? ताप हाय?"

"न्हाय."

"मग सोंग हाय. थंडी अंगाला वाजती, मनाला कुठली वाजाय?"

लोकर घेऊन आलेले धनगर कट्ट्यावर बसलेले. त्यांना तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, "बघा पावणं, आमच्या लेकाला थंडीत मन फुटलंय, बायकांगत!" ते हसले. मग तुम्ही मला मागावर पाठवलंत. मागाचा तो खड्डा, पायाखाली ओल, अंगावर अंधार, आणि बाहेर ते सगळं ऊन ताण्यावर पडलेलं. त्या खड्ड्यात बसून मी कितीतरी दिवस आपल्या घरामागच्या विहिरीचा विचार करत होतो. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असू द्या.

मी माग सोडला, एक घड्याळ मोडून बघून घड्याळं दुरुस्त करायला शिकलो, आणि ह्या दुखण्यावरचा इलाजही स्वतःच शोधला. वैद्यानं नुसता काढा दिला होता. थंडीत माझं मेज पूर्वेच्या खिडकीशी येतं. मन असो नसो, उजाडल्यावर रंकाळ्याच्या बांधावरून एक फेरी मारतो. अंगाला तेल लावून कढत पाण्यानं न्हातो. दिवसात एका तरी माणसाशी कामापलीकडचं बोलतो, मग ते वांग्यांच्या भावाबद्दल का असेना. आणि पौषात कुठलाही मोठा निर्णय घेत नाही, कारण पौषातलं माझं डोकं माझं नसतं. यातलं एकही तुम्हाला अवघड नव्हतं. भिंतीशी बसलेल्या पोराला बसू द्यायचं, एवढंच होतं.

हे आज लिहायला बसलो ते माझ्या लेकीमुळं. तिला कोडोलीला दिली आहे. परवा व्याही तिला छकड्यात घालून घेऊन आले. ती आत गेली, दाराआड उभी राहिली. व्याह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पावणं, पोरगी गुणाची हाय. पर दिवाळी सरली की भिताडाकडं तोंड करून बसती. अंगारा लावून झाला. आमची मंडळी म्हणत्यात डोक्यात बिघाड हाय. खरं सांगा, तुमच्या घराण्यात कुणाला असलं हुतं काय? भरवसा द्या, न्हाईतर ठेवून घ्या तिला."

'मलाच आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तोंडातून निघालं, "माझ्या बापाला."

"अवो, त्यो म्हातारा? बाजारात आमच्या बापाला घोंगड्यापायी शिव्या घातलेला?"

"त्योच. दर थंडीत मन पडायचं. होळीला माणसात यायचा. सकाळचं उन्हात बसवायचं, अंधारात कोंडायचं न्हाई, आणि चारचौघांत हसायचं न्हाई. एवढं केलं की झालं."

"आरं तिच्या!" व्याही मांडीवर थाप मारून हसले. "त्यो तर मरंस्तोवर कुणाला भ्याला न्हाई की! मग पोरीला काय धाड भरल्या? आणा पाणी."

दोन दिवस राहून आज ते तिला घेऊन गेले. उन्हात बसवतो म्हणून माझ्या हातावर हात मारून गेले. तेव्हा आबा, इथून पुढं कोडोलीत तुम्ही थंडीत मन खचणारा माणूस आहात. तुम्हाला ते कधी होतं की नव्हतं, मला माहीत नाही आणि शोधायचीही इच्छा नाही. तुमच्या नावाचा मला जन्मात झालेला हा पहिला उपयोग. हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकलं असतं तरी तुम्हाला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो दुसरा मी नसतो.

छकडा हलायच्या आधी पोरगी वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आप्पा, आज्जा न्हवं. तुम्हीच की."

मी म्हटलं, "पदर नीट घे, वारं हाय." साधं हो म्हणायला मला तिच्यापुढंही जमलं नाही.