मागच्याने पुढच्याला फोन करावा

ती. दादास,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या घरी आठवडाभर ठाण मांडून बसलेल्या तुझ्या मेहुण्यांना कोपरापासून. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला? (पाहुण्यांच्या तब्येतीची चौकशी मी करत नाही. बायकोला न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर कपाट उभं करणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय?) फोनच करणार होते, पण हल्ली तुझ्याकडे फोनही तेच उचलतात.

तुला ठाऊकच आहे, आमच्या केंद्रात आम्ही दोघं नवरा-बायको एकेक उपग्रह सांभाळतो. दोन्ही एकाच कक्षेत. त्यांचा पुढे, माझा मागे (हा मानसुद्धा त्यांनी भांडून मिळवलाय), मधलं अंतर ठरलेलं. पुढचा जी जमीन टिपतो, तीच थोड्या वेळाने मागचा टिपतो, मग दोन्ही चित्रं जुळवायची. सोमवारी अंतर जरा कमी भरलं. अशा वेळी मागच्याने पुढच्याला फोन करून कोणी सरकायचं ते ठरवावं, एवढा साधा नियम. आमची टेबलं तर समोरासमोर! पण जो माणूस घर सोडून गेला, त्याच्याशी ऑफिसात कशाला बोलू? मी मुकाट्याने माझा उपग्रह मागे घेतला. समोरच्या अतिशहाण्याने त्याच वेळी मुकाट्याने आपला पुढे दामटला. झालं! अंतर भलतंच वाढलं. त्यांच्या चित्रात लख्ख ऊन, माझ्या चित्रात नुसते ढग.

साहेबांनी दोघांना उभं करून विचारलं, "आता जवळ कोण येणार?" दोघंही एकदम म्हणालो, "समोरचा." अख्खी खोली फिदीफिदी हसली (शिकल्यासवरल्यांची खोली म्हणे!). साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणाले, "मॅडम, जोर लावा आणि गाठा." अरे, कक्षेत जोर लावला की उपग्रह वर चढतो आणि उलट मागेच पडतो. पुढच्याला गाठायचं तर मागच्याने वेग कमी करून थोडं खाली उतरायचं असतं, खालची फेरी लवकर पुरी होते. हे मी तावातावाने समजावत होते आणि तुझे मेहुणे मान खाली घालून हसत होते. इतका राग आला म्हणून सांगू!

असा माणूस तुम्हाला सहन होतो, धन्य आहे तुमची.

तुझी धाकटी

ता.क. कपाटामुळे स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येत नाही, बरं वाटतं. हे त्यांना सांगू नकोस.

पुन्हा ता.क. माझा उपग्रह आज मी खाली उतरवला. रविवारी सकाळी तुझ्याकडे येतेय, त्यांना न्यायला. घर खायला उठतं रे. त्यांना काही बोलू नकोस, फक्त घराबाहेर पडू देऊ नकोस. नेमके त्याच वेळी ते माझ्याकडे यायला निघायचे.